कुलूप संगणकाला, किल्ली कोणाकडे?

आंबेडकरी चळवळीने जमिनीसाठी मोर्चे काढले, नामांतरासाठी रक्त सांडले, शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याण कार्यालयांसमोर उपोषणे केली. पण 'सर्व्हर डाऊन आहे' या तीन शब्दांविरुद्ध नांदेड किंवा लातूरमध्ये एकही मोर्चा निघालेला मला आठवत नाही. आपला माणूस खिडकीवर जातो, हे तीन शब्द ऐकतो आणि पाऊस पडला नाही म्हणून जसे परतावे तसा परत येतो. सर्व्हर म्हणजे जणू आभाळ. त्याला मालक नाही, त्याला जबाबदार अधिकारी नाही, त्याविरुद्ध अपील नाही. ही समजूत प्रशासनाला फार सोयीची आहे. म्हणून ती कोणी खोडून काढत नाही.

सर्व्हरला मालक असतो. त्यातल्या माहितीच्या साठ्याला, ज्याला इंग्रजी शिकलेली आपली पोरे डेटाबेस म्हणतात, त्याला रखवालदार असतो. कोणाला ती माहिती फक्त वाचता यावी, कोणाला त्यात लिहिता यावे, कोणाला खोडता यावे हे ठरवणारा कोणीतरी खुर्चीत बसलेला असतो. आज आपल्या जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, सातबारा, रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान हे सगळे त्या साठ्यात आहे. कपाटातला कागद नुसती झेरॉक्स झाला आहे, अस्सल प्रत संगणकात आहे. तेव्हा त्या साठ्याची राखण कशी होते हा संगणक अभियंत्यांचा विषय म्हणून सोडून देता येणार नाही.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. निजामाच्या राज्यात पटवाऱ्याचे दप्तर म्हणजे काय चीज होती हे आपल्या आजोबांना विचारा. जमीन कसणारा एक, दप्तरात नाव दुसऱ्याचे. उर्दूतल्या नोंदी वाचता येणारा गावात एखादाच, आणि तो दप्तर बांधणाऱ्याच्याच घरातला. शेजारच्या मुंबई इलाख्यात १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक विधिमंडळात मांडले, तेव्हाही वंशपरंपरेने चालत आलेली ही गावकामगारांची चौकट त्यांच्या निशाण्यावर होती. दप्तर ज्याच्या घरात त्याच्या हातात गाव, हा अनुभव आपल्या हाडात मुरलेला आहे. दप्तर आता संगणकात गेले. पण ते ज्याच्या 'लॉगिन'मध्ये आहे त्याच्या हातात गाव, हे वाक्य आपण अजून म्हणायला शिकलो नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ असे आहे की अधिकार अभिलेखातली नोंद आणि फेरफार रजिस्टरातली प्रमाणित नोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाईल. या एका कलमाचे वजन लक्षात घ्या. नोंद ज्याच्या बाजूने आहे तो घरी बसतो. नोंद ज्याच्या विरुद्ध आहे त्याने तहसील, प्रांत, जिल्हाधिकारी, दिवाणी न्यायालय अशी वारी करायची. म्हणजे संगणकात एक ओळ बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे दहा वर्षांचा दावा एका बाजूकडून उचलून दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर ठेवण्याची ताकद आहे. त्या ताकदीला कुलूप काय आहे? तलाठ्याची डिजिटल सही, तिचे डोंगल, अंगठ्याची खूण. व्यवस्था कागदावर चांगली आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही सुधारणा मी नाकारत नाही. खेड्यातल्या विधवेला उताऱ्यासाठी सज्जावर चार खेपा घालाव्या लागत, त्या वाचल्या.

पण 'झिरो तलाठी' हा शब्द मराठवाड्यात कोणाला माहीत नाही? सरकारी पगार नसलेला, नेमणुकीचा आदेश नसलेला, साहेबाच्या टेबलावर बसून साहेबाचे काम करणारा खासगी माणूस. सरकारने २०२४ साली तलाठ्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केले. झिरोचे नाव मात्र तेच राहिले, कारण तो सरकारच्या कागदावर नाहीच. त्याच्या हातात डोंगल आणि पासवर्ड गेला की ती सही कोणाची? जगभर या शास्त्रातला पहिला नियम असा आहे की प्रत्येक माणसाचे लॉगिन वेगळे असावे आणि त्याच्या कामापुरताच अधिकार त्याला असावा. आपल्याकडे एक पासवर्ड चार जण वापरतात आणि तो काउंटरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. कोणत्या कार्यालयात ते सांगत नाही, कारण एकाच कार्यालयाला बदनाम करावे असा हा प्रकार राहिलेला नाही.

यात आपला सर्वात कमकुवत माणूस म्हणजे गायरानधारक. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून मराठवाड्यात गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या वहिती करणारी कुटुंबे आहेत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. त्याचा पुरावा कुठला? गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. या नोंदवहीत नाव आहे की नाही, यावर तीस-पस्तीस वर्षांची कसणूक टिकते किंवा जाते. सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचा जो गाजावाजा झाला तो मालकांच्या उताऱ्याचा. ज्याच्याकडे उताराच नाही, ज्याचा एकमेव आधार ही १-ईची जुनी वही आहे, तिचे स्कॅनिंग झाले का, तिच्या प्रती कुठे आहेत, हे कोणी विचारले? हातातले काम बाजूला ठेवून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी विचारावा असा हा प्रश्न आहे.

आणि चुकीचे काय? जुन्या वहीतली नोंद संगणकात चढवताना चुका होणारच. त्या दुरुस्त करायला संहितेत कलम १५५ आहे. लेखनप्रमाद आणि पक्षकारांनी मान्य केलेल्या चुका त्या कलमात येतात. शाईच्या वहीत दुरुस्ती केली तर खाडाखोड दिसायची. आधी काय होते ते लाल शाईखालूनही वाचता यायचे, बाजूला कोणाची तरी आद्याक्षरी असायची. संगणकात जुने पुसून नवे लिहिले तर स्क्रीन कोरी करकरीत. म्हणून चांगल्या डेटाबेसमध्ये पुसणे हा प्रकारच ठेवत नाहीत. जुनी नोंद तशीच राहते, तिच्यावर नवी येते आणि कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या संगणकावरून बदल केला याची वेगळी नोंद आपोआप होते. ही वेगळी नोंद ज्याने बदल केला त्याला बदलता येता कामा नये, हे महत्त्वाचे. चोराकडेच पंचनाम्याची वही ठेवली तर पंचनाम्याला काय अर्थ? माझ्याकडे येणाऱ्या जमिनीच्या दाव्यांत मी आता पहिला अर्ज या बदल-नोंदीसाठी करतो. उत्तर बहुधा येते, 'अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही'.

ती माहिती मिळवण्यासाठी कोर्टात किती रक्त आटवावे लागते, याचा धडा आपल्या मराठवाड्यातूनच देशाला मिळाला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याला उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले गेले का, हा वाद उभा राहिला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्याच चित्रीकरणाचा. तो ग्राह्य धरायला पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र हवे होते, आणि ते द्यायचे होते सरकारी अधिकाऱ्यांनी. वारंवार मागूनही त्यांनी दिले नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संगणकीय नोंदीच्या प्रतीला हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. पण पक्षकाराने मागूनही संबंधित अधिकारी देत नसेल तर न्यायालयाने त्याला हजर करून घ्यावे, आणि पक्षकाराने शक्य ते सर्व केले असेल तर ज्याच्या ताब्यात प्रमाणपत्र नाही त्याला अशक्य गोष्टीसाठी दंडित करू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात हेच ६३ वे कलम झाले. प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता 'हॅश' ही एक गोष्ट आली आहे. सोप्या भाषेत, संपूर्ण फाइलीचा एक अंगठ्याचा ठसा. फाइलीत एक काना-मात्रा बदलला तरी ठसा बदलतो. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात मोबाइलवरचे चित्रीकरण घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मूळ मोबाइल विकू नका, फॉरमॅट मारू नका, व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नका.

इथपर्यंत झाले चोरीचे. आता नाशाचे.

१९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचे नाव नांदेड जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात आहे. माणसे गेली, घरे गेली याचा हिशेब झाला. पण त्या घरांच्या ट्रंकांत काय होते? शाळेचा दाखला, कसेल त्या जमिनीची पावती, निजामकाळची एखादी सनद. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे मातीत गेली. मृतांचा आकडा हजारोंत. दगडमातीखालून माणसे काढायची होती, कागद कोण शोधणार? त्यानंतर पुनर्वसनाच्या याद्या झाल्या, आणि ज्याच्याकडे कागद होता त्याचे काम आधी झाले. हे झाले गरिबाच्या ट्रंकेचे. सरकारची ट्रंक तरी सुरक्षित होती का? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा बळी गेला, वरचे मजले जळाले, हजारो फायली राख झाल्या. राज्याच्या सर्वोच्च कार्यालयात कागदाची एकच प्रत होती, हे त्या दिवशी कळले.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे कागद वादात आणि सरकारी ताब्यात अडकले. जानेवारी १९६७ मध्ये दिल्लीच्या २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात ते कागद बाहेर टाकले गेले आणि पावसात भिजले, ही हकिगत नानकचंद रत्तूंनी लिहून ठेवली आहे. 'रिडल्स इन हिंदुइझम'चा खंड १९८७ साली निघाला तेव्हा संपादकांच्या हाती छपाईसाठी पक्की केलेली अखेरची प्रत नव्हती. मसुदे जुळवून ग्रंथ उभा करावा लागला. एका माणसाने आयुष्यभर केलेले लेखन एका पावसाने पुसले जाऊ शकते. आपल्या समाजाने हे सोसले आहे. तरीही आपल्या संस्थांच्या नोंदी आज कुठे आहेत, हे मी पुढे विचारणार आहे.

बौद्ध म्हणून या बाबतीत आपला वारसा फार वेगळा आहे. तथागतांची वचने शेकडो वर्षे लिहिलेली नव्हती, तरी टिकली. का? भाणकांमुळे. दीघ निकायाचे भाणक वेगळे, मज्झिम निकायाचे वेगळे. एकाच भागाचे पाठांतर अनेक विहारांत अनेक भिक्खूंकडे. सगळे एकत्र बसून एका सुरात म्हणत, म्हणजे एकाचा शब्द चुकला तर तिथेच सापडे. पुढे श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्ध आले, भिक्खू मरू लागले. महानिद्देस हा ग्रंथ केवळ एकाच भिक्खूला मुखोद्गत उरला, आणि त्याचे शील शिथिल होते तरी संघाने तो त्याच्याकडून शिकून घेतला, असे अट्ठकथा सांगते. त्यानंतर इसवीसनपूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, आलुविहारात त्रिपिटक लिहून काढले गेले. अनेक ठिकाणी प्रती, आपसात ताळा आणि धोका दिसताच दुसऱ्या माध्यमावर उतरवणे. आजचे संगणकवाले तीन-दोन-एक असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. संघाने तो दोन हजार वर्षांपूर्वी पाळला होता.

दुसऱ्या गावी हा शब्द नांदेड-लातूरकरांनी नीट ऐकावा. नांदेड गोदावरीच्या काठावर, लातूर भूकंप सोसलेला. एकाची प्रत दुसऱ्याकडे ठेवली तर एकाच रात्री दोन्ही जाण्याची शक्यता फार कमी. (पाणी मिरजेहून रेल्वेने लातूरला आणता येते हे २०१६ साली दिसले, हरवलेली नोंद कुठल्या रेल्वेने आणणार?) आणि प्रत ठेवली एवढ्याने भागत नाही. ती उघडते का, हे अधूनमधून पाहावे लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब नावाच्या जगप्रसिद्ध कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. मग कंपनीला कळले की आपल्या पाच प्रकारच्या राखीव प्रतींपैकी एकही नीट चालत नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत कोणीतरी घेऊन ठेवली होती म्हणून निभावले. त्या कंपनीचे एक मात्र घेण्यासारखे. तिने काहीही न लपवता सगळी चूक जाहीर केली. आपल्याकडे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे काम ठप्प झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची तीच गत झाली, देशातल्या सर्वात मोठ्या रुग्णालयांपैकी एकात दोन आठवड्यांच्या आसपास कागद-पेनावर काम चालले. जिथे पैसा आहे, तज्ज्ञ आहेत, तिथे हे होते. मग तालुक्याच्या संगणकाचे काय, याचा अंदाज वाचकांनी करावा.

जात वैधतेकडे वळतो, कारण वकील म्हणून माझा निम्मा दिवस त्यात जातो. २००० च्या जातप्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ ने सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेच्या आधीचा शाळेचा किंवा महसुली पुरावा द्या, असे कार्यालय सांगते. ज्या आजोबाला शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही त्याचा १९५० आधीचा प्रवेश निर्गम उतारा नातीने आणायचा! शिवाय मराठवाड्याचे त्या वेळचे दप्तर उर्दूत, फारसीत, मोडीत. मग रक्तनात्यातल्या कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते कामी येते. अपूर्वा निचळे प्रकरणात २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने हा आधार भक्कम केला. पण याचाच अर्थ असा की काकाची एक नोंद साठ्यातून गहाळ झाली तर मागची सारी भावंडे अडकतात. शाळेच्या रजिस्टरात आजोबा 'महार', वडील 'बौद्ध', मुलगी 'नवबौद्ध'. माणसाच्या दृष्टीने ही तीन पिढ्यांची गौरवगाथा आहे. संगणकाच्या दृष्टीने तीन न जुळणारे शब्द. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत स्थान मिळाले, हे ज्याने रकाने आखले त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवे होते.

सरकारला हे जमत नाही असे नाही. २०२३ साली मराठा आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन कागदपत्रे धुंडाळली गेली, मोडी-उर्दू वाचणारे बसवले गेले, नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. काही महिन्यांत ५४ लाखांवर कुणबी नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. त्या मागणीच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. माझा मुद्दा एवढाच की तेच कपाट, तीच वही, तोच मोडीवाचक. त्याच पानावर कुणब्याच्या ओळीखाली महाराची, मांगाची, चांभाराची, वडाराची, कैकाड्याची ओळ आहे. मग त्या ओळी वाचून सूचीत का घेतल्या नाहीत? वर्षानुवर्षे आमची मुले पुराव्याविना वैधता समितीच्या दारात बसली आहेत, तेव्हा हे कपाट उघडले नाही. मागणी अशी हवी की एकदा उघडलेल्या प्रत्येक पानाची सर्व जातींची सूची करा.

शिष्यवृत्तीचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला निवेदन देऊन जिच्यासाठी पैसा मागितला, ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. २०१७-१८ मध्ये महाडीबीटी पोर्टल आले आणि पहिल्याच वर्षी इतके अडखळले की अर्ज पुन्हा ऑफलाइन घेण्याची पाळी आली. जुना साठा बंद करण्याआधी नवा काही महिने सोबत चालवून पाहायचा, दोघांचा ताळा घालायचा आणि मगच जुन्याला कुलूप लावायचे, ही या धंद्यातली बाळबोध रीत आहे. ती पाळली असती तर नांदेड-लातूरच्या खोल्यांवर राहणाऱ्या पोरांना मेसचे पैसे थकवावे लागले नसते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के वाटा आपला ठरवला आणि तो आधार जोडलेल्या खात्यात थेट येऊ लागला. आता कांबळे हे आडनाव रोमन लिपीत दहावीच्या गुणपत्रिकेवर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या. पोरगे तेच, आई-बाप तेच. संगणक म्हणतो, जुळत नाही.

तरीही कागदाच्या जमान्याचे गोडवे मी गाणार नाही. त्याच शिष्यवृत्तीच्या घोटाळ्यांसाठी डॉ. के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली २०१६ साली विशेष तपास पथक नेमावे लागले होते. आपल्या मुलांच्या नावावर संस्थाचालकांनी काय काय केले ते त्यातून बाहेर आले. थेट खात्यात पैसे ही मागणी आपलीच होती आणि ती बरोबर होती. यंत्र आपल्या बाजूचे असू शकते, पण त्यासाठी ते कसे चालते यावर आपला डोळा हवा.

एक बाजू राहते, आणि ती आपल्याच अंगणातली आहे. जात ही या देशात साधी माहिती नाही. भाड्याने खोली मिळेल की नाही, मुलाखतीत काय विचारले जाईल, हे तिच्यावर ठरते. शिष्यवृत्तीधारकांची यादी जातीसह, मोबाइल नंबरसह महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जाते, तेव्हा कोणालाच काही वाटत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. पण याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. व्यक्तिगत माहिती म्हटले की नकार देणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले. बोगस जातप्रमाणपत्रावर नोकरी करणाऱ्याची माहिती मागितली तर 'व्यक्तिगत' म्हणून नाकारायची, आणि आमच्या मुलीची जात व नंबर ग्रुपवर फिरवायचा, असा हा उफराटा न्याय आहे. कलम ८(२) मात्र शाबूत आहे. व्यापक लोकहित दाखवले तर माहिती देता येते. अर्जात ते कलम स्पष्ट लिहा.

आणि आपल्या संस्था? विहाराचे सभासद, बौद्ध विवाहांच्या नोंदी, धम्मदीक्षेच्या याद्या, पतसंस्थेचे खातेदार, अत्याचारग्रस्तांच्या अर्जांच्या फायली. हे सगळे एका कार्यकर्त्याच्या लॅपटॉपमध्ये, एका पेनड्राइव्हवर. तो कार्यकर्ता रुसला, गट फुटला किंवा लॅपटॉप चोरीला गेला की संस्थेची स्मृती गेली. आपल्यात गट किती वेळा फुटतात हे मी सांगायला नको! प्रत्येक फुटीत निम्मे दप्तर एकाकडे, निम्मे दुसऱ्याकडे. पीडित बाईचे नाव-गाव असलेली फाइल दहा जणांना 'माहितीस्तव' पाठवणे हा तर गुन्ह्याइतकाच गंभीर प्रकार आहे. त्या फायलीला पासवर्ड असावा, तो दोघांनाच माहीत असावा, आणि दर महिन्याला एक प्रत दुसऱ्या गावच्या विहारात जावी. याला पैसा लागत नाही.

सरकारकडून काय मागायचे ते माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(क) मध्येच आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूची व निर्देशांक करून जतन करावेत आणि साधनसामग्रीच्या मर्यादेत वाजवी वेळेत संगणकीकृत करावेत, असे २००५ पासून बंधन आहे. म्हणून नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांना, दोन्हीकडच्या जातप्रमाणपत्र पडताळणी समित्यांना आणि समाजकल्याण सहायक आयुक्तांना एकच अर्ज द्यावा. राखीव प्रत किती दिवसांनी घेतली जाते आणि ती कोणत्या शहरात असते? ती उघडून पाहण्याची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली? बदल करण्याचा अधिकार किती लॉगिनला आहे, आणि त्यातले कंत्राटी किती? बदलांची नोंद किती वर्षे जपली जाते, आणि बाधित माणसाला तिची कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह प्रत कोणाकडे मागायची? मागच्या वर्षात सेवा किती तास बंद होती, आणि त्या काळात मुदत संपलेल्या अर्जांना मुदतवाढ दिली का? गाव नमुना १-ईचे स्कॅनिंग कोणत्या गावांचे झाले, कोणत्यांचे राहिले? यातल्या एकाही प्रश्नात कोणाची व्यक्तिगत माहिती नाही, त्यामुळे नव्या दुरुस्तीची ढाल पुढे करता येणार नाही. पासवर्ड किंवा यंत्रणेचा आराखडा मागू नका, ते सुरक्षेच्या नावाखाली नाकारतील आणि त्यासोबत बाकीचेही गिळतील.

उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास किंवा 'उपलब्ध नाही' असे आल्यास कलम १९(१) खाली पहिले अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरे. 'उपलब्ध नाही' हे उत्तर लेखी मिळाले तर ते जपून ठेवा, पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करताना तोच आपला पहिला दस्तऐवज असेल. नांदेडचा अर्ज आमच्या वकील मंडळींनी तयार केला आहे. लातूर, उदगीर, अहमदपूर, किनवट, देगलूर, मुखेड इथल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तहसीलसाठी १-ईचा प्रश्न स्वतंत्र अर्जाने विचारावा, कारण ती वही तहसीलनिहाय आणि गावनिहाय सापडेल. ज्या गावात ती आज मिळत असेल तिथे आधी साक्षांकित नक्कल काढून घ्यावी, अर्ज नंतर करावा.